ड्रिपरच्या तोंडाशी बसणारा चुना

अमरावतीच्या वरूड-मोर्शीकडे संत्र्याला आंबिया बहाराचा ताण दिला, म्हणजे तो फुलोरा यावा म्हणून पाणी बंद ठेवलं, की ड्रिप (ठिबक) बरेच दिवस बंद असते, मग जानेवारीत ताण तोडायला पाणी सोडलं की खरी भानगड कळते, काही झाडांखाली मस्त ओल आणि काही ठणठणीत कोरडी. लगेच लोकं म्हणतात नळी बदला. नळी बऱ्याचदा धडधाकट असते भाऊ, तोंड बंद झालेलं असतं ते ड्रिपरचं, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या बारक्या तोटीचं.

आपल्याकडच्या विहिरी-बोअरचं पाणी जड. त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळून असतं, डोळ्याला दिसत नाही. पाणी ड्रिपरच्या तोंडाशी आलं, उन्हानं तापलं, की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, जी पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पाणी तापवायच्या हीटरवर पांढरा थर चढतो ना, तोच हा. ताणाच्या दिवसांत तर नळीत उरलेलं पाणी जागच्या जागी सुकतं आणि ड्रिपरमधली वाट मुळात जेमतेम एखाद मिलिमीटरची.

म्हणून नळीवर खर्च करायच्या आधी मोजा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर ३ मिनिटांत २०० मिली पाणी देतो, मापाचा ग्लास घेऊन नळीच्या सुरुवातीला, मधात आणि शेवटी बघायचं. सगळीकडेच कमी भरलं तर आधी फिल्टर धुवा, फिल्टर तुंबला की पाण्याचा दाब पडतो आणि दाब अर्ध्यावर आला की साध्या ड्रिपरचं पाणी सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. कुठं कमी कुठं जास्त भरलं तर ड्रिपर उघडा. आत पांढरी कडक पापडी दिसली तर तिच्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, चर्रकन फेस आला म्हणजे चुना. फेस नाही आला, हाताला बुळबुळीत लागलं तर ते शेवाळ नाहीतर जिवाणूंची चिकटी, त्याला ॲसिड नाही, क्लोरीन (ब्लीचिंग पावडर) लागतं.

चुना असला तर ॲसिड किती लागेल ते आपल्याच पाण्यावर ठरतं, शेजाऱ्याचं माप चालत नाही. प्लास्टिकच्या बादलीत मोजून पाणी घ्या, त्यात थोडं थोडं ॲसिड टाकत लिटमससारखी पीएच पट्टी बुडवून बघा, ४ वर आलं की तेच प्रमाण. व्हेंच्युरीतून (पाइपात औषध-खत ओढून घेणाऱ्या जोडणीतून) सोडा, सगळ्यात लांबच्या ड्रिपरच्या थेंबाचाही पीएच ४ दिसला की बंद करून २४ तास तसंच राहू द्या. मग आधी सबमेन, म्हणजे नळ्यांना पाणी देणारा जाड पाइप, फ्लश करा, नंतर एकेका नळीचं टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या, सुटलेला चुना टोकातूनच बाहेर जायला पाहिजे नाहीतर तो पुढच्या ड्रिपरमध्ये जाऊन अडकतो.

हातमोजे, चष्मा घालाच. पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही, एकदम तापून अंगावर उडतं. आणि ब्लीचिंग पावडरची प्रक्रिया करायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, नळ्या धुऊन झाल्यावर, कारण ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुफ्फुसं जाळतो.