उन्हाळी भाताची कणी: पार्श्वभूमी

शहापूर-मुरबाडकडचा गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा, भात भरतो तो दसरा-दिवाळीच्या दिवसांत, रात्री निवू लागतात तेव्हा. कालव्याच्या पाण्यावरचा उन्हाळी भात मात्र एप्रिलच्या उकाड्यात भरतो. रात्रही तापलेली राहिली की पिष्टकण सैल बसतात, मध्ये हवेची पोकळी उरते. असा दाणा टरफल काढून उजेडात धरला की पोटाशी खडूसारखा डाग दिसतो. पॉलिशच्या वेळी बहुधा तिथेच तुटतो.

रात्रीकडे लक्ष गेलं ते २००४ सालच्या एका अभ्यासाने. फिलिपिन्समधल्या एका संशोधन-शेतावर १९७९ ते २००३ दरम्यान किमान तापमान १.१३ अंशांनी वाढलं होतं, कमाल फक्त ०.३५ अंशांनी, कोरड्या हंगामात रात्रीच्या १ अंशामागे उतारा १० टक्के घटल्याचं निघालं. हा दोष रात्रीचा की ऊन कमी पडल्याचा, यावर पुढे वादही झाला. पण तो वजनाचा हिशोब होता. २०१०च्या उन्हाळ्यात जपानमध्ये पहिल्या प्रतीचा तांदूळ घटला, अमेरिकेत आर्कान्साच्या गिरण्यांत तुकडा वाढला, तेव्हा प्रतीचा प्रश्न ऐरणीवर आला.

आपल्याकडे तो पेटला तेलंगणात. तिथला रब्बी, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा, भात कच्चा भरडला की फार तुटतो, म्हणून गिरण्या उकडा (भात आधी उकडून, वाळवून भरडलेला तांदूळ) करत. केंद्राने उकडा घेणं बंद करायचं ठरवलं. २०२१ मध्ये राज्याने तसं लिहूनही दिलं आणि मग कच्च्या भरडाईचा तोटा कोणी सोसायचा यावर जुंपली. क्विंटलभर भातामागे गिरणीने ६७ किलो तांदूळ द्यायचा हा नियम खरिपाला तोच, रब्बीलाही तोच. एप्रिल २०२२ मध्ये प्रकरण दिल्लीत धरणं धरण्यापर्यंत गेलं, शेवटी राज्यानेच भात घेऊन तोटा अंगावर घेतला. केंद्राकडे उकड्याचे साठे पडून होते, हे खरं. तरी सगळा ठपका 'शेतकऱ्याने रब्बीत भात लावलाच कशाला' यावर ठेवणं सोयीचं होतं. त्यातला किती तुकडा रात्रीच्या उकाड्याचा आणि किती कापणीच्या वेळच्या कोरड्या उन्हाने तडकलेल्या दाण्याचा, हे त्या भांडणात कोणी वेगळं केलंच नाही. गिरणीत दोन्हींची कणीच होते.

ठाणे जिल्ह्यातला उन्हाळी भात याच कात्रीत आहे. पीक उकाड्याआधी उरकावं म्हटलं तर डिसेंबरच्या थंडीत रोपं पिवळी पडून खुंटतात, आणि लावणी शेवटी कालव्याचं आवर्तन सुटेल तेव्हाच होते.