पणजीच्या चर्चची उसनी घंटा

पणजीच्या चर्चसमोर उभं राहून वर पाहिलं की नागमोडी जिने दिसतात, पांढरीशुभ्र भिंत दिसते आणि अगदी माथ्यावर, कमानीत टांगलेली एक भलीमोठी घंटा. पर्यटकांना सांगितलं जातं, "हे 1541 चं चर्च." साल बरोबर आहे, पण आज आपण ज्याचा फोटो काढतो ते 1541 चं नव्हे.

1541 मध्ये टेकडीच्या उतारावर होतं ते एक लहानसं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये, पण त्यांची राजधानी मांडवीच्या काठाने आणखी आत, आजच्या जुन्या गोव्यात होती. पणजी म्हणजे आदिलशहाचा नदीकाठचा वाडा, दलदल आणि थोडी वस्ती. मात्र लिस्बनहून महिनोन् महिने हाल सोसत आलेली जहाजं नदीच्या मुखातून आत शिरली की आधी पणजी लागायची. खलाशी इथे उतरून टेकडी चढत आणि जिवंत पोचल्याबद्दल आभार मानून पुढे राजधानीला जात.

चॅपेल येशूची आई मरिया हिच्या निष्कलंक गर्भसंभवाला वाहिलेलं. याचा अर्थ अनेक जण येशूच्या जन्माशी जोडतात, पण तो तसा नाही. खुद्द मरिया आपल्या आईच्या उदरात राहिली तेव्हापासूनच आदिपापापासून (प्रत्येक माणूस जे घेऊन जन्मतो असं ख्रिस्ती मानतात त्या पापापासून) मुक्त होती, ही ती श्रद्धा. रोमने ती अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केली 1854 मध्ये. म्हणजे पणजीकर तिच्या नावाने तीनशे वर्षं आधीपासून मेणबत्त्या लावत होते.

1600 मध्ये इथे स्वतंत्र धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती) झाला. चॅपेल अपुरं पडू लागलं आणि 1619 मध्ये त्या जागी मोठं चर्च उभं राहिलं. बांधकाम गोव्यातल्या बाकी चर्चसारखंच, जांभ्या चिऱ्यांचं आणि वरून चुन्याचा गिलावा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्यावर टणक होतो, पण गोव्याचा पाऊस उघड्यावर झेलायला लागला की झिजतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकाचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यावर काढून टाकला गेला, लाल दगड छान दिसतो म्हणून. त्या 'छान दिसण्या'चं दुखणं आजही चालू आहे, दगड झिजतोच आहे. पणजीच्या भिंतीचा पांढरा रंग ही नुसती शोभा नाही, छत्री आहे.

यानंतर दोनेकशे वर्षं इमारतीत सांगण्याजोगं फारसं घडत नाही. घडतं ते शहरात. रोगराईने जुना गोवा ओस पडत गेला. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीतल्या आदिलशहाच्या वाड्यात राहायला आले. पुढे व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ए कास्त्रो याने दलदल बुजवून सरळ रस्ते आखले, आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. खलाशांचं थांब्याचं चर्च आता राजधानीचं चर्च होतं.

राजधानीला शोभेल अशी घंटा मात्र हवी होती, आणि ती तयारच होती. 1834 मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ, म्हणजे मठांत राहणाऱ्या संन्याशांचे संघ, बरखास्त केले. त्याची अंमलबजावणी गोव्यातही झाली आणि जुन्या गोव्यातल्या टेकडीवरचा संत ऑगस्टिनचा मठ रिकामा झाला. 1842 मध्ये त्याच्या चर्चचं छत कोसळलं. आज तिथे उरलाय तो 46 मीटर उंचीचा, अर्धा कापल्यासारखा मनोरा. या मठाची घंटा काही काळ आग्वाद किल्ल्यावर दीपगृहापाशी राहिली आणि 1871 मध्ये पणजीला आली. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधली 'सोन्याची घंटा' सोडली तर गोव्यात एवढी मोठी दुसरी नाही.

एवढं धूड ठेवायचं कुठे? 1619 ची दर्शनी भिंत त्यासाठी बांधलेलीच नव्हती. मग मधला भाग उंचावून घंटेसाठी कमान केली गेली. आज ज्या आकृतीवरून पणजीचं चर्च लांबून ओळखू येतं, ती या घंटेमुळे घडली आहे. चर्चसाठी घंटा ओतवतात, इथे घंटेसाठी चर्च बदललं. घंटांच्या अशा स्थलांतराचं आपल्याला नवल वाटायला नको म्हणा. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर 1707 साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आहेच, वसईच्या स्वारीनंतर आलेली.

आतही उसनवारी आहेच. मुख्य वेदी मरियेची. उजव्या बाजूला संत फ्रान्सिस झेवियरचं चॅपेल आहे, त्यातली वेदीमागची सजावट मूळची इथली नव्हे. ती व्हाइसरॉयच्या वाड्यातल्या खासगी चॅपेलमधली. 1918 मध्ये गव्हर्नरांचा मुक्काम दोना पावलाजवळच्या काबोला हलला, तेव्हा ती इथे आणली गेली. थोडक्यात, मठ मोडला तेव्हा घंटा आली आणि वाडा सुटला तेव्हा वेदीची सजावट.

फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, 8 डिसेंबरला. पाऊस सरलेला असतो, भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ उमटलेले असतात, आणि फेस्ताच्या जत्रेतली खाज्याची दुकानं लागायच्या आत ते पुसून चर्च पुन्हा पांढरं करायचं असतं.