गाठ काढल्यानंतर बसवलेला स्नायू : घरी परतलेल्या रुग्णांसाठी व नातेवाइकांसाठी माहिती

मुंबईला किंवा कोल्हापूरला कर्करोगाच्या गाठीची शस्त्रक्रिया करून घेऊन रत्नागिरी, राजापूर, गुहागर या बाजूंना परतलेले रुग्ण पुढील व्यायामासाठी आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येतात, तेव्हा अनेकांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘फ्लॅप’ असा शब्द लिहिलेला असतो. हा फ्लॅप म्हणजे काय, तो कुठून घेतला जातो आणि घरी तो कसा सांभाळावा, हे रुग्णाला व घरच्यांना नीट कळावे यासाठी हे पत्रक काढले आहे.

गाठ पूर्ण निघावी म्हणून सर्जन तिच्याभोवतीचा चांगला दिसणारा भागही काही अंतरापर्यंत काढतात. त्यामुळे जो खड्डा पडतो तो पुष्कळदा नुसते टाके घालून किंवा वरून पातळ कातडी लावून भरून येत नाही. शिवाय उघडे पडलेले हाड, मोठी रक्तवाहिनी किंवा बसवलेला कृत्रिम सांधा झाकण्यासाठी आणि पुढे रेडिएशन सोसण्यासाठी तिथे भरपूर रक्तपुरवठा असलेले मांस लागते. म्हणून शरीरातलाच एखादा स्नायू, गरजेप्रमाणे वरच्या कातडीसकट, त्या जागी आणला जातो; यालाच फ्लॅप म्हणतात. तो जवळचा असेल तर त्याची रक्तवाहिनी देठासारखी जोडलेलीच ठेवून फिरवता येतो, आणि लांबचा असेल तर पूर्ण सुटा करून त्याच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या नव्या जागेच्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. सुट्या फ्लॅपच्या बाबतीत पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक असल्यामुळेच नर्स रात्रीबेरात्री उठवून त्याचा रंग पाहत होत्या.

आमच्याकडे अधिक येतात ते तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण. तंबाखू आणि मशेरी आपल्याकडे अजून घराघरांत आहे, हे त्याचे एक मोठे कारण आहे. गाल किंवा जबड्याचा भाग काढल्यावर छातीवरचा मोठा स्नायू वर वळवून बसवण्याची पद्धत 1979 साली प्रसिद्ध झाली आणि आजही ती आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. या फ्लॅपचा देठ मानेखालच्या हासळीच्या हाडावरून, कातडीखालून जातो, आणि तिथे उंचवटा हाताला लागतो. तो दाबला गेला तर स्नायूचे रक्त अडते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत गळ्याभोवती घट्ट नाडी, घट्ट कॉलर किंवा जड दागिना नको, त्या कुशीवर झोपणे नको, आणि गळ्यात श्वासाची नळी असल्यास तिचे बंध सर्जननी सांगितल्याप्रमाणेच बांधावेत. पुरुषांना तोंडातल्या त्या कातडीवर छातीचे केस वाढलेले दिसतात, तेव्हा घरचे घाबरतात. त्यात धोका काही नाही, आणि रेडिएशननंतर ते बहुधा कमी होतात. फ्लॅप सुरुवातीला फुगीर वाटतो, पण त्या स्नायूची नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) तुटलेली असल्याने काही महिन्यांत तो आपोआप आक्रसतो.

याच रुग्णांना तोंड उघडण्याचा व्यायाम मनापासून करावा लागतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या, काही क्षण धरायच्या, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. समोरच्या दातांमधले अंतर 35 मिलिमीटरपेक्षा कमी राहिले तर घास घेणे आणि दात साफ करणे कठीण होते. रेडिएशनमुळे जबडा पुढे कित्येक महिने आखडत राहतो, त्यामुळे जखम भरली म्हणून हा व्यायाम सोडू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आता जिथून स्नायू घेतला त्या जागेविषयी. आमच्या अनुभवात सर्वाधिक दुर्लक्ष याच जागेकडे होते, कारण रुग्णाचे आणि घरच्यांचे सगळे लक्ष मूळ आजाराच्या जागेवर असते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा मोठी जखम झाकण्यासाठी पाठीचा रुंद स्नायू वापरतात. हाच स्नायू हात वरून खाली ओढण्याचे काम करतो. शेजारचे स्नायू ते काम बरेचसे उचलतात आणि रोजच्या व्यवहाराला फारसे अडत नाही; परंतु जाळे ओढणारा, वल्हे मारणारा, माडावर चढणारा किंवा झेल्याने दिवसभर आंबे उतरवणारा माणूस असेल, तर त्याला तो फरक जाणवतो. म्हणून आपण काय काम करता हे शस्त्रक्रियेआधीच सर्जनना सांगावे, आणि आमच्याकडे पहिल्या भेटीतही सांगावे, म्हणजे व्यायाम त्या कामाच्या दिशेने आखता येतो. पाठीच्या जखमेखाली पाणी साचून फुगवटा येणे ही वारंवार दिसणारी गोष्ट आहे. तो घरी दाबू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

गुडघ्याजवळची गाठ काढल्यावर पोटरीच्या स्नायूचा एक भाग पुढे वळवतात. दुसरा भाग आणि खालचा स्नायू शाबूत असल्याने चालणे पुन्हा जमते. काही वेळा हालचाल परत मिळवण्यासाठी, उदाहरणार्थ चेहऱ्याची नस काढावी लागल्यास, मांडीचा एक सडपातळ स्नायू नसेसकट बसवतात. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे पहिली हालचाल दिसायला कित्येक महिने लागतात. तोवर तो स्नायू निकामी झाला असे समजून खचू नये.

बसवलेल्या भागाला बहुधा संवेदना नसते, किंवा फारच कमी असते. गरम पेज किंवा चहा तोंडात भाजला तरी कळत नाही, आणि गरम पाण्याच्या पिशवीने पाठीवर फोड आले तरी जाणवत नाही. म्हणून अन्न कोमट करून घ्यावे, आधी शाबूत बाजूने चाखून पाहावे, आणि फ्लॅपवर शेक कधीही देऊ नये. तेल चोळणेही सर्जन सांगेपर्यंत टाळावे. तंबाखू व विडी पूर्ण बंद हवी, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

फ्लॅप पांढराफटक, थंड पडला किंवा निळसर काळा होऊन फुगला, जखमेतून दुर्गंधीयुक्त पू, लाळ किंवा रक्त येऊ लागले, अथवा ताप चढला, तर सकाळच्या गाडीची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाला लगेच फोन करावा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. अशा वेळी आमच्याकडे व्यायामाला येऊ नये.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि व्यायाम कधीपासून सुरू करावा याविषयी सर्जननी लिहून दिलेली सूचना आणावी. ती सूचना नसल्यास आम्ही आधी सर्जनशी बोलतो आणि मगच हात लावतो. रेडिएशन पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांत सुरू होते आणि त्यासाठी पुन्हा मुक्कामाला जावे लागते, तेव्हा जाण्याची तारीख ठरताच आम्हाला कळवावी, म्हणजे तिकडच्या मुक्कामात रोज करायचे व्यायाम घरच्या एका माणसाला समोर बसवून शिकवता येतात.