इंधनाच्या काट्यावरचा इतिहास : अ‍ॅव्रो जेटलायनरची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून गेल्या पावसाळ्यात आम्ही सिम्युलेटरवर जे विमान उडवले, ते प्रत्यक्षात भारतात कधी आलेच नाही. आज त्याचा केवळ नाकाकडचा भाग कॅनडातील ओटावाच्या विमान संग्रहालयात शिल्लक आहे. अ‍ॅव्रो कॅनडा सी-१०२, म्हणजेच जेटलायनर, हे त्याचे नाव. असे विमान पुन्हा उडवता येते कसे आणि उडवताना ते जसे वागते तसे का वागते, हे समजून घ्यायचे तर दोन इतिहास पाहावे लागतात.

पहिला इतिहास सिम्युलेटरचा. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी आपला पहिला सराव-पाळणा बनवला, तेव्हा त्यात वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील भातेच वापरले होते. पुढे घरगुती संगणकांवर हा छंद आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा मात्र एक्स-प्लेनचा आहे. पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर हवेचा किती जोर येतो, याचा हिशेब हा सिम्युलेटर क्षणोक्षणी करतो. त्यामुळे विमानाच्या उड्डाण-चाचण्यांचे तक्ते हाती नसले, तरी त्याची मापे, वजन आणि इंजिनांचा जोर ठाऊक असेल तर ते बऱ्याच अंशी खऱ्यासारखे उडते. विसरल्या गेलेल्या नमुना-विमानांना ही पद्धत वरदानच ठरली आहे.

आमच्या गटातील एक मित्र शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवतो. समोरून, बाजूने आणि वरून काढलेल्या रेखाचित्रांवरून घन वस्तू उभी करणे हे त्याचे रोजचे काम. जेटलायनरची तशीच तीन रेखाचित्रे समोर ठेवून, सुमारे ९८ फुटांच्या पंखविस्तारापासून शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या उंचीपर्यंत एकेक माप त्याने प्लेन मेकर या एक्स-प्लेनच्या विमान घडवण्याच्या साधनात भरले. पंख धडाला मिळतो तिथली वक्रता बसवायलाच त्याला तीन संध्याकाळी लागल्या, आणि पॅटर्नमध्ये चालणारी मापाची सूट इथे चालत नाही, हे त्याने त्या वेळी मोठ्या गांभीर्याने सांगितले.

दुसरा इतिहास खुद्द विमानाचा. दुसरे महायुद्ध संपल्यावर ट्रान्स-कॅनडा एअर लाइन्सला मध्यम पल्ल्याचे जेट विमान हवे होते, आणि टोरांटोजवळच्या माल्टन येथील अ‍ॅव्रो कॅनडाने जेम्स फ्लॉइड यांच्या नेतृत्वाखाली त्याचा आराखडा तयार केला. अपेक्षा साधारण ३६ प्रवाशांची होती आणि विमान चार हजार फुटांच्या धावपट्टीवरून उडायला हवे होते. मूळ आराखड्यात रोल्स-रॉइसची नवी एव्हॉन इंजिने दोन होती. पण ती नागरी विमानासाठी वेळेत मिळणार नाहीत असे कळले, आणि त्यांच्याऐवजी जुन्या धाटणीची चार डरवेंट इंजिने, पंखाखाली दोन-दोनच्या जोड्यांत, बसवावी लागली. माझ्या मते जेटलायनरची पुढची सारी कथा या एका बदलात दडलेली आहे, कारण वजन, देखभाल आणि इंधनाचा खप हे तिन्ही त्यामुळे वाढले. पुढे त्या विमान कंपनीने अंग काढून घेतले.

तरीही १० ऑगस्ट १९४९ रोजी विमान उडाले. ब्रिटनचे कॉमेट त्याच्या आधी दोनच आठवडे, २७ जुलैला, उडाले होते, म्हणून जगातील पहिल्या जेट प्रवासी विमानाचा मान थोडक्यात हुकला. दुसऱ्याच उड्डाणात मागची चाके उघडली नाहीत आणि चाचणी वैमानिक जिमी ऑरेल यांना विमान पोटावर उतरवावे लागले, पण नुकसान इतके थोडे झाले की काही आठवड्यांत ते पुन्हा आकाशात होते. एप्रिल १९५० मध्ये टोरांटोहून न्यूयॉर्कला टपाल घेऊन ते सुमारे तासाभरात पोहोचले. पंख्याच्या विमानांना त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागत असे. न्यूयॉर्कला मात्र इंजिनांतून पेटते इंधन गळेल या भीतीने विमानाखाली भांडी ठेवायला लावली, असे सांगतात. ही हकिकत वाचताना त्या काळी जेट किती अनोळखी होते, ते मला आकड्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसले.

कोरियातील युद्ध सुरू झाल्यावर कॅनडा सरकारला सीएफ-१०० ही लढाऊ विमाने तातडीने हवी होती. मंत्री सी. डी. हाउ यांच्या आदेशाने १९५१ मध्ये जेटलायनरचे काम थांबले आणि दुसरे, बरेचसे तयार झालेले विमान मोडीत निघाले. अमेरिकन उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांनी १९५२ मध्ये पहिले विमान स्वतः चालवून पाहिले व आपल्या टीडब्ल्यूए या विमान कंपनीसाठी त्यात रस घेतला, पण निर्णय बदलला नाही. उरलेले एकमेव विमान १९५६ मध्ये तोडण्यात आले.

हे सारे आम्हाला उजळाईवाडीला इंधनाच्या काट्यावर दिसले. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये सुरू झालेले हे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. उंचीवरची हवा विरळ, त्यात उन्हाळा असेल तर आणखी विरळ, म्हणून विमानाला जास्त धावावे लागते; तरीही सरळ पंखाचे जेटलायनर तिथून सहज उठले. तीस हजार फुटांवर इंधनाचा काटा सावकाश सरकत होता. परतताना मात्र पावसाचे ढग इतके खाली होते की धावपट्टी दिसेना, आणि पंचगंगेवर कमी उंचीवर घिरट्या घालत थांबावे लागले. तिथल्या दाट हवेत चारही डरवेंट इंजिने इंधन अशी ओढू लागली की तिसऱ्या फेरीनंतर काटा पाव टाकीच्याही खाली आला. उद्यमनगरचा मित्र नकाशा उघडून बसला होता. त्याने बेळगावचे अंतर मोजले, आणि आम्ही विमान तिथल्या सांबरा विमानतळाकडे वळवले.