चंद्र आला कुठून? उत्पत्तीच्या सिद्धांतांची पार्श्वभूमी

मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज डार्विन भरतीच्याच गणितातून चंद्राच्या उत्पत्तीकडे वळले होते; पुढे १८८५ मध्ये त्यांनी मेजर बेअर्ड यांच्यासह भारतीय बंदरांवरील नोंदींचे विश्लेषणही प्रसिद्ध केले. भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे परिवलन मंदावते आणि चंद्र दूर सरकतो, हा त्यांचा मुद्दा आज लेसरच्या मोजमापाने पक्का झाला आहे: हे अंतर वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटरने वाढते. तेच गणित उलटे चालवले, तर एके काळी चंद्र पृथ्वीला जवळजवळ खेटून होता आणि दिवस जेमतेम पाच-साडेपाच तासांचा होता, असे त्यांना आढळले. वेगाने फिरणाऱ्या, वितळलेल्या पृथ्वीचाच तुकडा सुटून चंद्र झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला.

प्रशांत महासागर हा त्या तुकड्याचा व्रण आहे, अशी जोड १८८२ मध्ये ऑसमंड फिशर यांनी दिली. कल्पना मोहक होती, पण त्या महासागराचा तळ जास्तीत जास्त २० कोटी वर्षांचा, तर चंद्र सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचा. शिवाय तुकडा सुटण्यासाठी पृथ्वीला जितक्या वेगाने फिरावे लागले असते, तितका कोनीय संवेग (फिरण्याचा एकूण जोर) पृथ्वी आणि चंद्र यांच्यात मिळूनही आज शिल्लक नाही.

दुसरीकडून आलेला चंद्र पृथ्वीने पकडला, किंवा दोघे शेजारी-शेजारीच घडले, या पर्यायांनाही समर्थक मिळाले. मात्र शेजारीच घडलेल्या चंद्रात लोखंड इतके कमी का, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते.

खरे वळण अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो खडक-मातीने दिले. अपोलो ११ च्या काळपट मातीत जॉन वुड यांच्या गटाला अनॉर्थोसाइट या खडकाचे पांढरे कण सापडले. हलकी खनिजे वर तरंगून असा खडक बनतो. म्हणजे चंद्राचा पृष्ठभाग कधी काळी शिलारसाचा महासागर होता. एवढी उष्णता कुठून आली? १९७५ मध्ये हार्टमन आणि डेव्हिस यांनी प्रचंड धडकेचा सिद्धांत मांडला. १९४६ मध्ये रेजिनाल्ड डॅली यांनीही तसेच सुचवले होते, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. मंगळाएवढा ग्रह आदळला, त्याचे लोखंडी गर्भ पृथ्वीत मुरले आणि उडालेल्या खडकाळ राडारोड्यातून चंद्र जमला, हे स्पष्टीकरण १९८४ च्या हवाई येथील परिषदेनंतर सर्वमान्य होत गेले.

अडचण मात्र राहिलीच. जुन्या संगणकीय प्रतिमानांत चंद्राचा बहुतांश भाग आदळणाऱ्या ग्रहाचा निघतो; मग त्याची घडण पृथ्वीहून वेगळी दिसायला हवी. पण ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण पृथ्वी आणि चंद्रावर जवळजवळ तंतोतंत सारखे आहे. धडकेनंतर पृथ्वी आणि आदळलेला ग्रह या दोन्हींचे द्रव्य बाष्परूपात एकजीव झाले, असे २०१८ मधील एक प्रतिमान म्हणते.

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने १०३ मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी माती तपासली आणि दक्षिण ध्रुवाकडच्या त्या भागातही अनॉर्थोसाइटशी जुळणारीच घडण आढळली. त्यामुळे शिलारसाच्या महासागराला बळ मिळाले, समस्थानिकांचा पेच मात्र त्याने सुटत नाही.