चिकूच्या सालीचं सफरचंद

बॉस्टन किंवा न्यू जर्सीकडे राहणाऱ्यांना ऑक्टोबरातला शेतकरी बाजार काही नवा नाही. पुढच्या पेट्यांत गाला आणि हनीक्रिस्प जातीची सफरचंदं, लालचुटूक, पुसून मांडलेली. त्यांच्या मागे कधीकधी एखादी पेटी असते, जिच्याकडे बहुतेक लोक बघतही नाहीत. हिरवट-तपकिरी, खरखरीत फळं. लांबून बटाटेच वाटतात. हातात घेतलं तर साल थेट चिकूची. पाटीवर खडूने लिहिलेलं असतं, रॉक्सबरी रसेट. पहिल्या घासाला नुसता करकरीतपणा आणि आंबटपणा लागतो, गोडी मागून येते आणि बराच वेळ जिभेवर राहते. पहिल्यांदा खाणारा हमखास विचारतो, हे सफरचंदच ना?

सफरचंदच, आणि तेही सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. रॉक्सबरी आज बॉस्टन शहरात जमा झालं आहे. तेव्हा ती इंग्रज वसाहतवाल्यांची वेगळी वस्ती होती, आणि तिथल्या एका झाडाची ही फळं. अमेरिकेत तयार झालेलं सर्वांत जुनं नामांकित वाण म्हणून त्याचाच उल्लेख होतो.

पावणेचारशे वर्षं तेच फळ कसं टिकलं, हे आपल्याला आंब्यावरून पटकन कळतं. रायवळ आंब्याची कोय लावली तर येणारं झाड आईसारखं निघेल याची खात्री नसते. म्हणून तर एकाच गावात एक आंबा शेंदऱ्या, दुसरा खोबऱ्या, तिसरा गोटी. सफरचंदाची बी त्याहून लहरी. दहा बिया लावा, दहा निराळी झाडं, आणि त्यांतल्या नऊंची फळं तोंड वाकडं करायला लावणारी. हवं तेच फळ पाहिजे तर झाड झोपेत असताना, हिवाळ्यात, त्याची काडी घ्यायची आणि दुसऱ्या खुंटावर कलम करायचं. म्हणजे आजच्या पेटीतलं रसेट हे त्या पहिल्या झाडाचंच, काडीकाडीने पुढे सरकत आलेलं लाकूड आहे.

अमेरिकेत मात्र आधी कलमं कमी आणि बियाच जास्त पेरल्या गेल्या. फळ खाण्यासाठी हवं होतं कुणाला? सफरचंद पिळायचं, रस आंबवायचा आणि ती सायडर वर्षभर प्यायची, असा घरोघरचा शिरस्ता. जॉन चॅपमन (1774–1845), ज्याला तिथली पोरं जॉनी ॲपलसीड म्हणून ओळखतात, तो पश्चिमेकडे सरकणाऱ्या वस्त्यांच्या पुढे जाऊन बियांपासूनच रोपवाटिका लावत असे. या बेहिशेबी पेरणीत अधूनमधून कुंपणाकडेला एखादं अफलातून झाड निघायचं. शेजारी काडी मागून न्यायचा आणि फळाला त्या घराचं किंवा गावाचं नाव पडायचं. अमेरिकी कृषी खात्याने 1905 साली गेल्या शंभर वर्षांच्या छापील साहित्यातली सफरचंदांची नावं एकत्र केली, ती सतरा हजारांच्या घरात गेली. त्यांत एकाच फळाची दोन-चार नावं पुष्कळ, तरीही आकडा छाती दडपवणारा आहे. नावांचा हा गोंधळ आवरायला खात्याने 1886 पासून चित्रकार नेमून फळांची जलरंगात चित्रं काढून घेतली. साडेसात हजारांच्या आसपास चित्रं, त्यांतली निम्मी सफरचंदांची. कीड लागलेलं फळ किडीसकट रंगवलं आहे.

न्यूयॉर्कचं न्यूटाउन पिपिन हे या काळातलं मानाचं फळ. आपल्या पिपिनच्या तोडीचं सफरचंद इथे नाही, असं पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने पॅरिसहून लिहून कळवलं होतं. ते न्यूटाउन म्हणजे आजच्या क्वीन्सचा भाग. जॅक्सन हाइट्सला डाळ-तांदूळ भरायला जाणारे मराठी लोक नकळत त्याच जुन्या हद्दीत पिशव्या घेऊन फिरत असतात.

मग हे सगळं गेलं कुठे? दारूबंदीने (1920–33) सायडरचा बाजार बसला, हे एक. पण माझ्या मते खरा घाव घातला तो लाल रंगाने.

आयोवा राज्यातल्या पेरू नावाच्या गावात (हो, पेरू!) जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप रांग सोडून उगवलं. त्याने ते दोनदा छाटलं, ते दोनदा फुटलं, तेव्हा राहू दिलं. फळ त्याने 1893 मध्ये मिझुरीतल्या स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेच्या स्पर्धेला पाठवलं. स्टार्क यांनी हक्क घेतले आणि नाव ठेवलं डेलिशिअस. मूळ फळ सबंध लाल नव्हतं, पिवळसर अंगावर लाल पट्टे होते, आणि चवीला ते खरोखरच चांगलं असणार; त्याशिवाय एवढं गाजलं नसतं. पुढे कुठे एखादी फांदी जास्त लाल फळं द्यायला लागली की तिचीच कलमं व्हायची. मग त्याहून लाल फांदी, मग त्याहून. फळ पिकण्याआधीच रंगू लागलं, तेव्हा ते आधीच तोडता येऊ लागलं. साल जाड झाली, ती वाहतुकीला सोयीची. दुकानात महिनोन्‌महिने चकाकत राहणारं हे फळ आत पिठूळ होत गेलं. नाव तेवढं डेलिशिअस राहिलं. पन्नासहून जास्त वर्षं ते अमेरिकेत उत्पादनात पहिलं होतं. 2018 मध्ये गालाने त्याला मागे टाकल्याचा अंदाज तिथल्या सफरचंद संघटनेने जाहीर केला.

आपल्यापर्यंत ही गोष्ट पोचली ती सिमल्याजवळच्या कोटगढमार्गे. कुलू-सिमल्याकडे इंग्रजांनी लावलेली सफरचंदं बहुतेक आंबटसर पिपिन जातीची. फिलाडेल्फियाहून 1904 मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी आलेले सॅम्युएल स्टोक्स कोटगढला स्थायिक झाले आणि 1916 च्या सुमारास त्यांनी अमेरिकेहून डेलिशिअसची रोपं आणवली. हेच स्टोक्स असहकार चळवळीत तुरुंगात गेले आणि पुढे सत्यानंद झाले. लोकांना गोड फळ हवं होतं, आणि डोंगरातल्या शेतकऱ्याला त्याने चार पैसे दिले. त्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार? काश्मीरमध्ये मात्र त्याची किंमत अंबरी या तिथल्या जुन्या सफरचंदाने मोजली. पांढरा करकरीत गर, घमघमणारा वास, वसंतापर्यंत टिकण्याची ताकद, सगळं होतं. पण झाड उशिरा धरतं आणि उत्पन्न कमी देतं. बागा डेलिशिअसकडे वळल्या. दोन्हींच्या संकरातून लाल अंबरी काढली गेली. अस्सल अंबरी आता काश्मीरमध्येही थोड्याच बागांत उरली आहे. आपल्याकडे देवगड की रत्नागिरी यावर भांडणारा माणूस सफरचंद घेताना फार तर काश्मीर की सिमला एवढंच विचारतो.

तिकडे अमेरिकेत हरवलेल्या वाणांचा शोध पुन्हा सुरू झाला तो परसदारांतून. न्यूअर्कच्या सायडरला नाव मिळवून देणारं हॅरिसन हे वाण संपलं असं धरलं होतं, ते 1976 मध्ये न्यू जर्सीत एका जुन्या सायडर गिरणीच्या आवारात सापडलं. कृषी खात्याच्या न्यूयॉर्कमधल्या जिनीव्हाच्या केंद्रात हजारो झाडं जतन केली आहेत. मेन राज्यात तर हरवलेल्या सफरचंदांची, फरारी गुन्हेगारांची लावतात तशी, चित्रासकट पत्रकं दुकानांतून डकवली गेली, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी पत्ते सांगितले.

ही फळं मोठ्या दुकानांत येत नाहीत. रसेटची साल ठेवली की सुरकुतते, काही झाडं वर्षाआड धरतात, काहींची फळं तोडणीआधीच गळतात. म्हणून ती बागेत नाहीतर बागवाल्याच्या स्टॉलवरच मिळतात, तीही त्या-त्या वाणाच्या दोन-तीन आठवड्यांत. नाव माहीत नसेल तर चव सांगून मागावं. बागवाला सुरी काढून फोड हातावर ठेवतो. न्यूटाउन पिपिन घेतलं तर मात्र लगेच खाऊ नये. ऑक्टोबरात ते नुसतंच कडक आणि आंबट लागतं. हापूस आढीत घालतो तसंच हे, फक्त गवताऐवजी फ्रिजचा खालचा कप्पा, आणि थांबायचं ते संक्रांतीपर्यंत.