फोर्कलिफ्टमधल्या कॉन्टॅक्टरचे बदललेले काम

बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने पॉइंट जोडून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बदलायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी जुन्यावर छापलेले अँपिअर वाचून तेवढ्याच क्षमतेचा नवा मागवला जातो. ही सवय ज्या काळात पडली, त्या काळातल्या कॉन्टॅक्टरचे काम निराळे होते.

अमेरिकेत १९०६ साली पेनसिल्व्हेनिया रेलरोडने अल्टूना येथे सामान वाहण्यासाठी बॅटरीवरचे गाडे वापरात आणले आणि १९२३ साली येल कंपनीने उचलते काटे व ते ज्यावर सरकतात तो उभा मास्ट असलेला विजेवरचा ट्रक तयार केला. अशा गाड्यांत सिरीज डीसी मोटर असे. तिचा वेग रेझिस्टन्सचे टप्पे एकेक करून वगळत वाढवायचा आणि प्रत्येक टप्प्याला एक कॉन्टॅक्टर, अशी रचना पुढे रूढ झाली. पुढे-मागे जाण्यासाठी फील्डची, म्हणजे मोटरमधल्या चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या वेटोळ्यांची, जोडणी उलटवणारे आणखी दोन कॉन्टॅक्टर लागत. घाईतला चालक गाडी थांबण्याआधीच उलटा गिअर टाकी आणि त्याचा सगळा मार या दोघांवर पडे. एसी प्रवाह ५० हर्ट्झला सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने त्यातली ठिणगी आपोआप विझते. डीसीला तशी उसंत नसते. म्हणून पॉइंटमधले अंतर वाढवावे लागते किंवा शेजारी चुंबक बसवून ठिणगी बाहेर ढकलावी लागते.

१९५७ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर हा अर्धवाहक स्विच विकसित झाला आणि त्यानंतरच्या, प्रवाह झटपट चालू-बंद करून वेग ठरवणाऱ्या चॉपर कंट्रोलरांनी रेझिस्टन्सचे टप्पे मोडीत काढले. तरी दिशेचे कॉन्टॅक्टर राहिलेच, शिवाय पूर्ण वेगात थायरिस्टरला वळसा घालणारा बायपास कॉन्टॅक्टर वाढला. दिशेची जोडी गेली ती फील्डला स्वतंत्र पुरवठा असलेल्या मोटरी आणि पाठोपाठ एसी मोटरी आल्यावर, कारण दिशा बदलण्याचे काम कंट्रोलरच करू लागला.

उरला तो बॅटरी आणि कंट्रोलर यांच्या मधला मुख्य लाइन कॉन्टॅक्टर. तो किल्ली फिरवल्यावर एकदा 'टक्' करून लागतो, दिवसभर तसाच राहतो आणि बिघाड झाला तर भर प्रवाहात सुटतो. त्याचे पॉइंट चिकटले तर कंट्रोलरला वीज तोडता येत नाही. कंट्रोलरमधले वीज साठवणारे कपॅसिटर आधी एका रेझिस्टरमधून हळूहळू भरलेले नसतील, तर कॉन्टॅक्टर लागताक्षणी प्रचंड प्रवाह घुसतो आणि पॉइंट तिथेच वितळून जोडले जातात. नवा कॉन्टॅक्टर महिन्याभरात पुन्हा चिकटला तर दोष बहुधा त्याचा नसतो. कपॅसिटर आधी भरणारा, म्हणजे प्रीचार्जचा, तो रेझिस्टर आधी तपासावा.

पॉइंट काळे पडले म्हणून कानस मारण्याची जुनी खोडही सोडलेली बरी. चांदीच्या मिश्रधातूवरचा काळा थर वीज अडवत नाही, कानशीने मात्र चांदी झडते. खोल खड्डे आणि कडेला वितळलेल्या धातूचे मणी दिसले तर पॉइंटचा संच बदलावा. पूर्ण कॉन्टॅक्टर घेताना कॉइलचा व्होल्टेज जुळवावा आणि ती कॉइल सतत चालू राहण्यासाठी बनवलेली आहे का, हे पाहावे, कारण दिशा बदलणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल लाइन कॉन्टॅक्टरच्या जागी दिवसभर तापून जळू शकते. आल्ब्राइट कंपनीच्या एसडब्ल्यू २०० सारख्या प्रचलित मॉडेलात नावाच्या शेवटी येणारे 'बी' अक्षर ठिणगी ढकलणारे चुंबक असल्याचे सांगते. असा कॉन्टॅक्टर बसवताना धन टोकाची खूण पाळावी लागते. जोडणी उलटी झाली तर तेच चुंबक ठिणगी आत ओढते.